लाभ, दोन, तीन

संपादकांनी सांगितलं, नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा. एकोणीस वर्षं मी अंबडच्या एका लहानशा कंपनीत खुर्चीवर बसून लोकांचं इंटरनेट चालू आहे की बंद, एवढंच बघत होते. त्यातल्या गमती सांगायच्या तर पुष्कळ आहेत. एका गृहस्थांनी आमची गच्चीवरची डिश पावसात भिजू नये म्हणून तिच्यावर पत्र्याचा डबा उपडा घातला आणि नेट गेलं म्हणून मलाच अर्धा तास झापलं. सातपूरच्या एका कारखानदाराने माझ्याशी भांडताना तीनदा फोन आपटला आणि तिन्ही वेळा स्वतःच परत लावला. पण हे सगळं मी वर्षभर घरी आल्यागेल्याला सांगून झालंय. लिहायला बसले की हात तिकडे वळतच नाही. वळतो तो गिरणारे गावाच्या बाजूच्या एका मळ्याकडे. तिथे मी आयुष्यात एकदाही गेलेले नाही.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आमचं नेट वायरने घरोघर जात नाही. टेकडीवर एक टॉवर असतो आणि गिऱ्हाइकाच्या छपरावर ताटलीएवढी डिश. दोघांना एकमेकांचं तोंड दिसलं पाहिजे, एवढीच अट. घरात प्लगला एक छोटा अडॅप्टर असतो, तो डिशला वीज पुरवतो. आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी प्रत्येक डिशला हाक मारतो, आहेस का? डिश म्हणते, आहे. मग माझ्या स्क्रीनवर त्या गिऱ्हाइकाचं नाव हिरवं राहतं. उत्तर आलं नाही तर नाव लाल होतं आणि एक घंटी वाजते. मग मी फोन लावायचा आणि जगातला सर्वांत जुना उपाय सांगायचा. बटण बंद करा, दहा मोजा, चालू करा. दहामध्ये नऊ वेळा एवढ्याने काम होतं. उरलेल्या एका वेळेसाठी रावसाहेब होते. रावसाहेब म्हणजे आमचा छपरावर चढणारा माणूस, वजनाने भरपूर आणि शिडीवर मात्र मांजर.

मी गिऱ्हाइकं पाहिलेली नव्हती. मला त्यांचे आवाज माहीत होते आणि रावसाहेबांनी काढलेले त्यांच्या छपरांचे फोटो. खोलीला खिडकी नव्हती. दिवसभर समोर आठशे नावं. कोण गावाला जाताना मेन स्विच पाडून जातं, कोणाच्या वस्तीवर लाइट कधी येते, कोणाच्या घरात माणूस गेलं म्हणून तेरा दिवस नेट कोणी उघडलंच नाही, हे मला शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. सुरुवातीला याची मजा वाटायची. पुढे पुढे दुपारी जेवण झाल्यावर त्या शांत खोलीत एकटीने बसवेना. आठशे घरं माझ्याकडे बघत असल्यासारखी वाटायची आणि त्यांतल्या एकातही मी उभी नव्हते.

एक घर तर माझ्या डोळ्यांदेखत बुडालं. मखमलाबादकडचं. त्याचा सिग्नल दर आठवड्याला थोडा थोडा उतरायचा. बाई सांगायच्या की आम्ही काहीच हलवलेलं नाही. रावसाहेब दोनदा जाऊन आले, डिश जागेवर, वायर चांगली. तरी घर माझ्या स्क्रीनवर खाली खाली चाललेलं. सहा महिन्यांनी एका सकाळी ते लाल झालं ते परत आलंच नाही. मधल्या शेतातल्या निलगिरीच्या रांगा वाढल्या होत्या, इतकंच. झाडाला उंच व्हायला कोणाची परवानगी लागत नाही. कारण कळल्यावर हसू आलं खरं, पण ते सहा महिने मला त्या बाईंना फोन लावताना उगाच जपून बोलावंसं वाटायचं.

आता तात्या. केशव तात्या सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. सगळी नोकरी लेथवर काढली आणि निवृत्त झाल्यावर गिरणाऱ्याच्या पुढे वडिलांच्या तीन बिघ्यांत झेंडू आणि शेवंती लावून राहिले. बायको गेलेली. एकुलता मुलगा महेश जर्मनीत. त्याच्याशी आणि नातीशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून आमचं कनेक्शन घेतलं होतं. मळ्यात पेठकडचं एक मजुरांचं कुटुंब राहायचं, बाकी जवळ घर नाही.

तात्यांना पहिल्यांदा बटणाचा उपाय सांगितला तेव्हा ते फोन हातात धरूनच मोजू लागले. लाभ, दोन, तीन, चार. मला वाटलं चुकून बोलले. मी विचारलं तर म्हणाले, वडील बाजारात धान्याच्या मापाला बसायचे, पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. त्यामुळे काहीही मोजायचं तर त्यांच्या तोंडी लाभच येई. मोजायचे पण टर्नरच्या शिस्तीने, घाई नाही, प्रत्येक आकड्याला एक पूर्ण सेकंद. त्यांचा अडॅप्टर जरा हट्टी होता, एकदा बंद करून भागायचं नाही. म्हणून मी त्यांना सांगून ठेवलं होतं, तात्या, तुम्ही तीनदा करत जा.

एकदा त्यांनी विचारलं की मी इथं बटण दाबतो ते तुम्हाला अंबडला कसं कळतं. त्या दिवशी माझा मूड चांगला होता. मी म्हटलं, तुम्ही बटण बंद केलंत की माझ्यासमोर तुमचं नाव लाल होतं. तुमच्या घरात काही झालं की आधी मला दिसतं.

ते म्हणाले, "मग बरं हाय, ताई. एकटा माणूस हाय मी."

दिवाळी होऊन आठवडा झाला होता तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी दुपारी अवकाळी वारा सुटला. दीड वाजता स्क्रीनवर चाळीसेक नावं लाल होती आणि घंटी थांबायला तयार नव्हती. अशा दिवशी माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी तात्यांचं नाव लाल झालं. मिनिटाभराने हिरवं. परत लाल. परत हिरवं. परत लाल, परत हिरवं. मग थोडा वेळ ठीक, आणि पुन्हा तेच.

मी फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही. रिंग थांबली आणि नाव लाल झालं. थोड्या वेळाने परत लावला. रिंग थांबली आणि नाव लाल. असं चार वेळा झालं. रावसाहेब तेव्हा डबा खायला ऑफिसात आले होते. त्यांना म्हटलं, बघा भुताटकी, फोन लावला की बॉक्स पडतो. त्यांनी चपाती हातात ठेवून पाचव्या वेळी मला आपल्यासमोर फोन लावायला लावला. रिंग संपली. दोघेही स्क्रीनकडे बघत होतो. नाव लाल झालं. रावसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "ताई, हे काय बरोबर नाय." मग त्यांचा फोन वाजला, सातपूरची एक मोठी लाइन पडली होती, ते डबा अर्धा टाकून गेले.

घंटी चालूच होती. दर थोड्या वेळाने तात्यांची तीन, तीन. बाकीच्या चाळिसांत नेमकं कोण नव्याने पडलं ते मला ऐकू येईना. आमच्याकडे अशा वेळची एक सोय होती. जे नाव उगाच सतावतंय त्याची घंटी बंद करायची. त्यासाठी कारण लिहावं लागायचं. मी तात्यांच्या नावावर गेले, घंटी बंद केली आणि कारण लिहिलं, वारा, वायर ढिली, सोमवारी माणूस. खोली एकदम हलकी झाली. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

शनिवारी दुपारी महेशचा जर्मनीहून फोन आला. बाबांचं नेट कालपासून येतंय-जातंय, व्हिडिओ लागत नाही, मोबाइलही उचलत नाहीत, सगळं ठीक आहे ना? त्याच्या आवाजात काळजी होती. गिऱ्हाइकाची काळजी घालवणं हे माझं काम, आणि ते मला चांगलं जमायचं. मी म्हटलं, सर, इकडे खूप वारा आहे, सगळ्यांचंच असं चाललंय. सोमवारी आमचा माणूस जाईल. मजूर आहेत ना मळ्यात, असं त्यानेच विचारलं आणि मी हो म्हटलं. मजूर भाऊबिजेला गावी गेले होते ते परतलेच नव्हते, हे मला माहीत नव्हतं. विचारावं असंही सुचलं नाही. तो म्हणाला की गावातून कोणाला तरी मळ्यावर पाठवणार होतो, पण तुम्ही म्हणताय तर थांबतो. आणि फोन ठेवला.

त्याच्याशी बोलताना तात्यांचं नाव माझ्या डोळ्यांसमोर लाल-हिरवं होत होतं, फक्त बिनआवाजाचं.

रविवारी माझी ड्युटी होती. वारा पडला होता, ऊन होतं, ऑफिसात मी एकटी. साडेअकराच्या सुमारास बघितलं तर तात्यांचं नाव हिरवं, आणि हिरवंच राहिलेलं. मी घड्याळ लावून पंधरा मिनिटं पाहिलं. हललं नाही. मला मनापासून आनंद झाला. सोमवारची एक फेरी वाचली. तक्रार बंद करायला घेतली आणि लिहिलं, आपोआप सुरळीत.

तक्रार बंद करताना किती वेळ बंद होतं तेही भरावं लागतं. ते स्क्रीनवर नीट कळत नाही, त्यासाठी टॉवरची नोंद उघडावी लागते. कोणती डिश किती वाजता सुटली, किती वाजता परत जोडली गेली, हे टॉवर सेकंदासकट लिहून ठेवतो. मी तात्यांचं पान उघडलं.

सुटली ते जोडली, बहात्तर सेकंद. पुढची बहात्तर. पुढची एकाहत्तर. मग बहात्तर. पानंच्या पानं तेच. डिशला जागं व्हायला मिनिटभर लागतं, ते वजा केलं तर दरवेळी अकरा-बारा सेकंद उरत होते. वाऱ्याने हलणारी वायर असं करत नाही. ती कधी दोन सेकंदांनी जोडते, कधी तासाने. वाऱ्याला मोजता येत नाही. आणि प्रत्येक वेळी तीनच. तीन, मग मोकळं, तीन, मग मोकळं. शुक्रवारी रात्रभर, शनिवारी दिवसभर, शनिवारी रात्री अंतर वाढत गेलेलं, रविवारी पहाटे एकदा, सकाळी एकदा.

बंद करा, दहा मोजा, चालू करा. तीनदा करत जा.

दोन दिवस कोणीतरी माझेच शब्द मला परत पाठवत होतं. मी फोन लावायचे तेव्हा तात्या त्यांना जमेल तसं उत्तर देत होते.

मग मी शेवटच्या ओळी पाहिल्या. अकरा वाजून अठरा मिनिटं, बहात्तर सेकंद. त्यानंतर एकदा, एकशे चाळीस सेकंद. त्यानंतर काही नाही. तिसरी वेळ आलीच नव्हती. म्हणून नाव हिरवं राहिलं होतं.

मी फोन लावला तर तात्यांचा मोबाइल आता बंद लागला. रावसाहेब सुट्टीवर होते, पण घर त्यांचं गंगापूर रोडला, मळा अर्ध्या तासावर. मी काय बोलले मला आठवत नाही. ते म्हणतात की मी फक्त, तात्या पडलेत, जा, एवढंच म्हणाले. अँब्युलन्सला मीच फोन केला. पत्ता सांगताना लक्षात आलं की मला त्या घराचं छप्पर तेवढं माहीत आहे. लाल कौलं, पूर्वेच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी. दार कुठल्या बाजूला ते मला सांगता येईना.

रावसाहेब पोचले तेव्हा फोन चालू ठेवूनच होते. दाराला आतून कडी. हाका मारल्या, उत्तर नाही. मला त्यांच्या पावलांचा आवाज येत होता, घराला वळसा घालताना वाळलेला पाला तुडवल्याचा. समोर स्क्रीनवर नाव हिरवंगार. तोवरच्या इतक्या वर्षांत त्या रंगाची एवढी भीती कधी वाटली नव्हती. मग पावलं थांबली.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "आत कोणतरी मोजतंय."

मी म्हटलं, काय मोजतंय?

"लाभ म्हणतंय. लाभ, दोन. परत लाभ. पुढं जात नाय."

त्यांनी मागच्या कोठीची खिडकी फोडली. तात्या शुक्रवारी दुपारी वाऱ्याने सरकलेलं कौल आतून बसवायला स्टुलावर चढले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं होतं. मोबाइल पुढच्या खोलीत. हाताला लागेल असं एकच होतं, आमच्या अडॅप्टरचा बोर्ड. खरं म्हणजे तो भिंतीला उंचावर ठोकायचा नियम आहे. बसवायच्या दिवशी रावसाहेबांनी कंटाळा केला आणि एक्स्टेंशनचा बोर्ड तसाच जमिनीवर ठेवून दिला. त्यावरून मी त्यांना पूर्वी रागावले होते. तो कंटाळा त्या दिवशी तात्यांच्या हाताशी होता, आणि बटणावर बोट शेवटपर्यंत तसंच होतं. दाबायची ताकद तेवढी उरली नव्हती.

तात्या वाचले. दोन दिवस पाण्याशिवाय काढून पंचाहत्तरीचा माणूस वाचला, डॉक्टरांनाही नवल वाटलं. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. एवढ्या वर्षांत पाहिलेलं ते माझं पहिलं गिऱ्हाईक. आवाजावरून मी उंच माणूस धरला होता, निघाले बारीकसे, कानावर केस असलेले. मी कोण ते सांगायच्या आधी मी नुसतं तात्या म्हटलं, आणि त्यांनी ओळखलं.

"दिसलं ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो तात्या," मी म्हटलं. "दिसलं."

त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्या हाताची तर्जनी सुजून काळीनिळी झाली होती.

त्यानंतर ते येईल त्याला सांगू लागले की अंबडच्या ताईंनी लांबून ओळखलं. मालकांनी माझा सत्कार केला. महेश आला, माझ्या पाया पडू लागला, मी मागे सरकले. त्याने विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. तो विचारेल कशाला? त्याला वाटत होतं की मी बघत होते म्हणून त्याचे वडील आहेत. रावसाहेबांना सगळं माहीत होतं. ते एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त पुढच्या महिन्याभरात गावोगाव जाऊन जिथे म्हणून आमचा बोर्ड उंच ठोकला होता तिथे तो खाली घेऊन आले. मालक ओरडले, तर म्हणाले, नियम चुकीचा हाय.

घरी गेल्यावर तात्यांनी स्वतःहून एक रीत पाडली. रोज संध्याकाळी सहा वाजता बटण बंद करायचं, दहा मोजायचे, चालू करायचं. एकदाच. मी ठीक आहे, असा त्याचा अर्थ. आम्ही तसं कधी ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी नाव लाल झालं तेव्हा मी रावसाहेबांना फोन लावायला घेतला, बहात्तर सेकंदांनी ते हिरवं झालं आणि पुढे काही आलं नाही, तेव्हा मला समजलं. तीन वर्षं मी सहाच्या आधी खुर्ची सोडली नाही. सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर बघायचे. घरचे म्हणायचे, आता ही सहाची पूजा झाली का? गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका संध्याकाळी सहाला नाव हिरवंच राहिलं. सहा वाजून एक मिनिटाने मी मजुरांना फोन केला. तात्या ओट्यावर खुर्चीत बसल्या जागी गेले होते, चहा पिऊन झाल्यावर. या वेळी माझी काही चूक नव्हती आणि त्याने मला काडीचंही बरं वाटलं नाही.

कनेक्शन बंद झालं की डिश काढून आणायची आणि तिच्यातलं नाव पुसून ती दुसऱ्याला द्यायची. रावसाहेबांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. नाव पुसायला तिला वीज द्यावी लागते. दिली. मिनिटभराने माझ्या स्क्रीनवर केशव तात्या हिरवे झाले. मळ्याचं घर बंद, माणूस नाही, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर त्यांचं नाव ‘आहे’ म्हणून सांगतंय. मी ते पुसलं नाही. डिश हरवली असं लिहिलं, पगारातून पैसे भरले आणि निवृत्त होताना ती घरी घेऊन आले. कपाटात आहे.

महेश, तात्यांच्या पुस्तकांत या वार्षिकाचे जुने अंक होते असं तुम्ही मला सांगितलं होतं, म्हणून हे इथे लिहितेय. तुम्ही शनिवारी फोन केलात तेव्हा मी वाऱ्याचं कारण सांगितलं आणि तुम्ही गावातून माणूस पाठवायचे थांबलात. तुमच्या वडिलांनी विचारलं, दिसलं ना, आणि मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. शुक्रवारी दोन वाजून दहा मिनिटांनीच दिसलं होतं. घंटी मी बंद केली.